भोंग्यातलं हसू

कामरगाव,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मारोतभाऊस,
धाकट्या मंजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की शेजारच्या बायका काय झालं म्हणून दारात येतात. त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. माझा गुडघा आता मुकाट्यानं वाकतो. डॉक्टरांनी जिना आणि एसटी मात्र अजून बंद ठेवली आहे. नाहीतर पत्राऐवजी मीच आले असते आणि तुझा कान धरला असता.

तुझ्या शेतात टीव्हीवाले येऊन गेले आणि तू मला एका अक्षरानं कळवलं नाहीस? शनिवारचा तो भुतांच्या शोधाचा कार्यक्रम मी कधी चुकवत नाही, हे तुला ठाऊक आहे. हस, खुशाल हस. जन्मभर मुलांना शास्त्र शिकवलं, आता म्हातारपणी थोडी भुतं बघितली तर काय बिघडलं? समीक्षा कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती. आम्ही आजी-नात एकच गोधडी पांघरून बसलो होतो आणि पडद्यावर बघते तर आपला निंब, आपली विहीर, मोटारीची खोली. खाली अक्षरं आली, 'वाशीम जिल्ह्यातलं झपाटलेलं शेत'. समीक्षा म्हणाली, आजी, हे तर मामाआजोबांचं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मग तुझा शेजारी रतनसिंग दिसला. बाईचा आवाज रोज येतो, आपल्या बांधापर्यंत येतो, असं तो बिचारा शपथेवर सांगितल्यासारखा सांगत होता. मग तू दिसलास. भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं आणि तू मान हलवून हो म्हणालास. भाऊ, तू साप हातानं उचलून बांधापलीकडे टाकणारा माणूस. तुला भीती वाटते हे ऐकून मी गोधडी टाकून पडद्याजवळ सरकले. तो जाकीटवाला निवेदक तर विहिरीपाशी डोळे लाल करून रडायला लागला. म्हणाला, इथं एका बाईचं दुःख आहे, ते मला सहन होत नाही. मीही त्याच्याबरोबर रडले.

आणि मग तो आवाज आला. 'हाऽऽड, हाऽऽड.' अशी लांब हाक देणारी आपल्या शिवारात एकच बाई होती. गोजरावहिनीचा आवाज मी ओळखणार नाही का? पण त्यामागून जे हसणं आलं ते तिचं नव्हतं. जाड, घोगरं, संपता संपत नाही असं. मी उठून टीव्ही बंद केला. गुडघा दुखला तेही कळलं नाही.

वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. तिचं काही राहिलं का रे? वर्षश्राद्धात आपलं काही चुकलं का? कारंज्याच्या एका गुरुजींना मी विचारून ठेवलं आहे. शांत करून घेऊ म्हणतात. तू फक्त हो म्हण. वहिनी आपल्या शेतात अशी भटकते आहे या विचारानं मला जेवण जात नाही.

राजूला आणि रूपालीला आशीर्वाद, वैभवीला गोड पापा. माया आहे तशी राहू दे, वाढली तर माझी तक्रार नाही.

तुझी,
मंजू

*

अनसिंग,
२ डिसेंबर २०२४

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद. पत्र पावलं. तुझ्या गुरुजींना म्हणावं, सध्या दुसरीकडे बघा.

तुझी वहिनी कुठंही भटकत नाही. जिवंत असतानाही ती शेत सोडून कुठं जायला तयार नसायची, आता कुठं जाईल? तू ऐकलास तो आवाज मात्र तिचाच आहे. घाबरू नकोस, नीट सांगतो.

रताळ्यात डुकरं शिरतात आणि हरभऱ्यात रोह्यांचे कळप. रात्रीची राखण आता माझ्यानं होत नाही. म्हणून राजूनं बॅटरीवरचा भोंगा आणला. त्याच्या बटणावर बोट दाबून धरायचं आणि ओरडायचं, की मग तो तेच रात्रभर ओरडत राहतो. आधी मी ओरडून बघितलं. राजू म्हणाला, बाबा, यानं डुकरांना झोप येईल. मग तुझ्या वहिनीला उभं केलं. भर दुपार, समोर एक डुक्कर नाही, आणि ही निंबाखाली उभी राहून मोकळ्या शेताला 'हाऽऽड' करते. शेवटी मला बटणावरून बोट कधी उचलायचं ते कळेना. माझी ती धांदल बघून ती जी हसत सुटली, ते हसूही आत भरलं गेलं. पुन्हा भरू म्हणालो तर नको म्हणाली. पुढल्याच वर्षी ती गेली.

भोंगा मी बदलला नाही. फोन मला समजत नाही, कीर्तनात शब्द एकमेकांत मिसळतात, पण भोंगा अगदी स्पष्ट ऐकू येतो. संध्याकाळी तो लावला की मला बरं वाटतं. हे मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तू रडली असतीस आणि मग मलाही रडावं लागलं असतं. इथं मात्र सगळ्या शिवाराला ठाऊक आहे. रस्त्यानं जाणाऱ्या कुण्या मोटारसायकलवाल्यानं तो आवाज फोनमध्ये घेतला आणि तो फिरत फिरत या लोकांपर्यंत गेला, असं ते म्हणाले.

आता तुझ्या कार्यक्रमाचं ऐक. ते आले दुपारचं जेवण झाल्यावर. स्वभावानं चांगले होते, उगाच नावं ठेवणार नाही. वैभवीला त्यांनी कॅमेऱ्यातून बघू दिलं. मोटारीच्या खोलीला आतून काळं कापड लावलं. तो जाकीटवाला त्या खोलीतून दचकून बाहेर पळाला, मग त्यांच्यातला एक जण म्हणाला की तोंड नीट दिसलं नाही, म्हणून पुन्हा आत गेला आणि पुन्हा दचकला. त्यांच्याकडे दिव्यांचं एक यंत्र होतं. ते स्टार्टरजवळ नेलं की लुकलुकायचं. मी म्हटलं, तिथं वीज आहे. ते म्हणाले, बरोबर, बरोबर, आणि तिथंच कॅमेरा लावला. आवाज कसला येतो ते कळावं म्हणून मीच हौसेनं भोंगा लावून दाखवला. तेव्हा ऊन पुरतं उतरलंही नव्हतं. तुझ्या पडद्यावर मध्यरात्र झाली होती ना? दिवेलागणीला ते वाशीमच्या हॉटेलात पोचलेसुद्धा होते.

रतनसिंगला त्यांनी विचारलं की बाईचा आवाज येतो का. तो म्हणाला, "येतो न, रोजच येतो. माह्या बांधापर्यंत ऐकू येते. मारोतरावनं भोंग्यात भरून ठेवला हाये." तू बांधापर्यंतच ऐकलंस. मला विचारलं, एकट्याला भीती वाटते का. मी म्हणालो, भीती तर लागतेच, डुकराचा काय भरोसा. डुक्कर त्यांनी कापून टाकलं आणि भीती ठेवली. खोटं कोणीच बोललं नाही बघ. आम्ही खरं बोललो आणि त्यांनी आमच्या खऱ्यातला त्यांच्या कामाचा तुकडा घेतला.

निवेदकाच्या डोळ्यांतलं पाणी मात्र अस्सल होतं. रूपालीनं त्यांना भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला होता. पाहुणा भीड म्हणून सगळा खाऊन बसला.

उरलं ते हसणं. तेही तिचंच आहे. रबर ताणावं तसं त्यांनी ते ताणलं असणार. लोक आठ दिवस बोलतील आणि विसरतील. गुडघ्याला जप.

तुझा लोभ मला इथवर पोचतो. पोचत राहू दे.

तुझा,
मारोतभाऊ

*

कामरगाव,
१० डिसेंबर २०२४

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि समीक्षाला वाचून दाखवलं. ठेच्यापाशी ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मी मात्र आधी चिडले. त्या माणसाबरोबर मी खरोखर रडले होते, आणि ते रूपालीच्या मिरच्यांमुळे?

गुरुजींना नको म्हणून कळवलं. रागावले वाटतं.

पण एक गोष्ट मनाला लागली. दोन वर्षं वहिनीचा आवाज तुझ्याजवळ होता आणि तू मला सांगितलं नाहीस. मी रडले असते, हे खरं आहे. मग रडले असते. माहेरी गेलं की चुलीपाशी बसवून पहिली भाकरी मला वाढणारी बाई होती ती. आपली आई गेल्यावर मला माहेर उरलं ते तिच्यामुळे. तिच्या आवाजावर तुझ्या एकट्याचा हक्क नाही.

आणि खरं सांगू? हाकेचं पटलं, हसण्याचं अजून पटत नाही. डोकं म्हणतं तुझं बरोबर आहे. पण डोळे मिटले की तेच घोगरं हसणं कानात येतं आणि वहिनीचं खरं हसणं काही केल्या आठवत नाही. त्यांनी तिचं हसू माझ्या डोक्यातून पुसून टाकलं आहे. म्हणून एवढं कर. येत्या रविवारी रूपालीला फोन घेऊन शेतात जायला सांग आणि भोंगा लावून फोन त्याच्यासमोर धर म्हणावं. मला एकदा माझ्या कानांनी ऐकू दे. मग त्या कार्यक्रमाचं मी तोंडसुद्धा बघणार नाही. निदान महिनाभर.

रविवारी फोन उशाशी घेऊन बसते. रागावले तरी आहे तुझीच, हे लक्षात असू दे.

तुझी,
मंजू

*

अनसिंग,
१९ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंस,
रूपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रविवारी वाट बघत बसल्या असाल. मी फोन केला नाही आणि तुमचे फोनही उचलले नाहीत. त्याबद्दल राग धरू नका. काय सांगावं तेच सुचत नव्हतं. मामंजी तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. मी लिहिलं हे त्यांना सध्या सांगू नका.

लोक आठ दिवसांत विसरतील असं मामंजींना वाटलं होतं. तसं झालं नाही. बाहेरगावची पोरं गाड्यांवर येतात आणि विहिरीपाशी उभं राहून व्हिडिओ काढतात. कोणी लिंबू टाकून जातं, कोणी कुंकू. वांगी तोडायला येणाऱ्या बायांनी येणं बंद केलं. हिरीबाई तर सासूबाईंच्या बरोबरीची, जन्मभर दोघी एकाच तासात, पिकाच्या एकाच ओळीत वाकून निंदायच्या. तिच्या घरी गेले तर म्हणाली की कंबर धरली आहे. दुसरीच्या घरी पाहुणे, तिसरीचा उपास. आत्याबाई, विचारलं तर भीत कोणीच नाही, पण येत कोणीच नाही. वांगी झाडावर पिवळी पडली.

इथपर्यंत मामंजी हसण्यावारी नेत होते. मग शाळेत एका पोरीनं वैभवीला म्हटलं की तुझी आजी हडळ झाली आहे. वैभवी रडत घरी आली. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. हे फार चिडले. म्हणाले, भोंगा बदलला की तोंडं बंद होतील. मामंजी बाजाराला गेले होते. यांनी भोंगा घरी आणला, आपल्या फोनवर कुत्र्यांचं भुंकणं लावलं आणि बटण दाबून ते भरलं. यांना वाटलं, एकामागे दुसरा आवाज राहतो, पाहिजे तो लावता येतो. तसं नव्हतं. त्यात एकच आवाज मावतो. नवा भरला की जुना जातो.

मामंजी आले, त्यांनी रोजच्यासारखा शेतात भोंगा लावला, आणि कुत्री भुंकली. आम्ही दोघं मागे उभे होतो. त्यांनी वळून बघितलं नाही. एवढंच म्हणाले, "कुत्रे चांगले भुकून राह्यले." मग घरी आले आणि भाकर मागितली. यांना एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. हे रात्री पोरासारखे रडले.

घरात सासूबाईंचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. फोटो आहेत, पण फोन समोर धरला की त्या पदर तोंडाशी नेऊन निघून जायच्या. आता मामंजी संध्याकाळी शेतात जातच नाहीत. भोंगा हेच लावून येतात. मामंजी ओट्यावर बसून राहतात. तुम्ही त्यांना काहीतरी लिहा. त्यांच्यासाठी तुमच्या पत्राइतकं दुसरं औषध आमच्याजवळ नाही.

वैभवी नमस्कार सांगते. आमच्यावर सावली असू द्या.

आपली,
रूपाली

*

कामरगाव,
४ जानेवारी २०२५

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

रूपालीनं मला सगळं लिहिलं आहे. तिला बोलशील तर याद राख. पत्र मिळालं त्या दिवशी मी देवापुढे बसले, पण हात जोडले गेले नाहीत. तुझ्या ओट्यावर येऊन तुझ्याशेजारी बसावं एवढंच मनात होतं, आणि गुडघा तेवढंही करू देईना.

मग मला राग आला, आणि राग आला की मला सुचतं, हे तू लहानपणापासून बघतोस. त्या कार्यक्रमवाल्यांचा नंबर समीक्षानं शोधून दिला. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही जे जे टिपलं ते सगळं द्या. रतनसिंगचं पुरतं बोलणं, माझ्या भावाचं पुरतं बोलणं आणि माझ्या वहिनीचा छेडछाड न केलेला आवाज. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली की दाखवलं तेवढंच आता आहे, बाकीचं आम्ही पुसून टाकतो, जागा फार लागते. म्हणजे बघ, भोंगा आणि रतनसिंगचं शेवटचं वाक्य त्यांनी जागेसाठी पुसलं, आणि भूत जपून ठेवलं.

फोन ठेवल्यावर मी रडायला लागले. समीक्षानं मला पाणी आणून दिलं. मग म्हणाली, आजी, दाखवलं तेवढ्यात मामीआजीचं हसू आहे. त्यांनी ते ताणलं असेल, तर ते आवळताही येईल. ती लॅपटॉप घेऊन बसली. तो कार्यक्रम तिनं पुन्हा लावला आणि हसण्याचा तुकडा वेगळा काढला. पहिल्यांदा वेग वाढवला तेव्हा एखादं पुरुषी खोकणं निघालं. अजून वाढवला तर बदकाचा आवाज आला. मी म्हटलं, पोरी, राहू दे. ती पुन्हा थोडी मागे आली. आणि भाऊ, माझ्या स्वयंपाकघरात वहिनी हसली. आधी नाकातून, मग दम लागल्यासारखी, मग पदर तोंडात कोंबून. मी चुलीपाशी बसून ऐकायची तेच. ज्याला घाबरून मी टीव्ही बंद केला होता तेच हे हसू होतं.

हाक तर त्यांनी ताणलीच नव्हती, ती जशीच्या तशी मिळाली. मागे त्यांचा ढोल वाजतो आहे, तो काही समीक्षाला काढता आला नाही. हसण्याबरोबर त्याचाही वेग वाढला, त्यामुळे आता तो लग्नातल्या वाजंत्रीसारखा वाटतो. तेवढा चालवून घे.

आमच्या आळीतला धनराज जीप घेऊन वाशीमला येतो, त्याच्याजवळ हे पत्र आणि पेनड्राइव्ह देते. राजूला म्हणावं, आधी याच्या दोन-चार प्रती कर आणि मग भोंग्याला हात लाव. त्याला पोटाशी धर. त्यानं चूक आईच्या नावासाठीच केली.

आता दुसरं. रूपालीला सांग, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू घरी करायचं नाही, शेतात निंबाखाली करायचं. कामाला बोलावलं तर कंबर दुखते. हळदीकुंकवाला नाही म्हणायची आपल्याकडे कोणत्या बाईची छाती आहे, ते बघते मी.

इथून एवढंच करता आलं. उरलेलं माझ्या वाटणीचं तू करशील, हे मला ठाऊक आहे.

तुझी,
मंजू

*

अनसिंग,
२० जानेवारी २०२५

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद, आणि समीक्षाला तुझ्याहून एक जास्त.

धनराज पुडकं देऊन गेला त्या दिवशी मी ते उघडलंच नाही. उशाशी ठेवलं. तुझी नात किती हुशार असली तरी त्यातून निघेल ते गोजराचं हसू असेल की तिच्यासारखं काहीतरी, या भीतीनं मी टाळत होतो. त्यांच्या यंत्रातून एकदा गेलेली वस्तू परत खरी होते, यावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी राजूनं न विचारता ते भोंग्यात भरलं आणि लावलं. मी ओट्यावर होतो. हाक आली, तुझी ती वाजंत्री आली, आणि ती हसली. राजू माझ्याकडे बघतच नव्हता, भोंग्याकडे बघत होता. मी त्याला जवळ बोलावलं. पुढलं लिहीत नाही, तू समजून घे.

ज्या लोकांनी तिला हडळ केलं त्यांच्याच जवळ तिचा आवाज राहिला होता. त्यांना शिव्या द्याव्यात की नमस्कार करावा, हे मला अजून कळलेलं नाही. सध्या दोन्ही तहकूब ठेवलं आहे.

हळदीकुंकू परवा झालं. रूपालीनं निंबाखाली सतरंजी टाकली आणि वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या. तुझं म्हणणं खरं ठरलं, सगळ्या आल्या. पण आधी रस्त्याच्या कडेलाच थांबल्या, नव्या लुगड्यांना गोखरू लागतील म्हणून. शेवटी हिरीबाई पुढे झाली, मग एकेक जण आत आली. बायकांच्या कार्यक्रमात माझं काम एवढंच, की कुंकू लावून झाल्यावर बटण दाबायचं. रूपालीनं मला खूण केली. मी बटण दाबलं.

हाक ऐकून दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या. मग हसू आलं आणि सगळ्या भोंग्याकडे बघायला लागल्या. हिरीबाईनं पदर तोंडाशी धरला आणि ती खाली वाकली. मला वाटलं, म्हातारीला भोवळ आली. रूपाली पाणी घेऊन धावली. तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द फुटेना. जरा दम आल्यावर ती मला म्हणाली, "ते मले हासली होती, मारोतराव. तुमाले नाही."

मी विचारलं, काय म्हणता. तेव्हा तिनं सांगितलं. इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. हा आवाज भरला त्या दुपारी ती तुरीत शेंगा तोडत होती. मला ती दिसत नव्हती, तुझ्या वहिनीला दिसत होती. वहिनीनं 'हाऽऽड' केलं की ही तुरीतून डुकरासारखी गुरगुरायची. माझ्या कानांना ती गुरगुर कुठली ऐकू यायला? गोजराला पहिल्यापासून ऐकू येत होती आणि ती हसू दाबून ओरडत होती. शेवटी दाबता आलं नाही. हिरीबाईनं सगळ्यांसमोर गुरगुरून दाखवलं. मंजू, तुला काय सांगू, हळदीकुंकवाचा पार तमाशा झाला. पोरी, सुना, म्हाताऱ्या, एकूणएक जणी गुरगुरायला लागल्या आणि वैभवी त्यांना 'हाऽऽड' करत धावत सुटली. परत जाताना हिरीबाई वांग्यांच्या तासातून गेली आणि सून निजली होती का, अशी झाडं काहून ठेवली, म्हणून तिनं रूपालीला दोन शब्द ऐकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या टोपल्या घेऊन हजर होत्या. कंबर कोणाचीच दुखत नव्हती. रतनसिंगही कालपासून पुन्हा चहाला येतो. पण तो आता जपून बोलतो. काहीही विचारलं की आधी 'भोंगा' म्हणतो आणि मग उत्तर देतो.

हे सगळं झाल्यावर मी विहिरीच्या काठावर एकटाच बसलो होतो. मनात एक गोष्ट आली ती तुलाच सांगतो. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी ते हसू ऐकलं आणि रोज समजत आलो की ती मला हसली. बटणाशी झोंबणाऱ्या आपल्या म्हाताऱ्याला हसली. आवाज खरा होता, त्याची गोष्ट मात्र मी आपल्या सोयीची जोडली होती. त्या जाकीटवाल्यानं दुसरं काय केलं? हिरीबाई सांगते तेच खरं का, हे तपासायलाही काही साधन नाही. पण ती खोटं कशाला सांगेल, आणि गुरगुरली तर इतकी हुबेहूब.

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. थोडं वाटलंही. हसू माझं होतं, ते हिरीबाईचं निघालं. पण मग दुसरंच काहीतरी वाटायला लागलं आणि अजून ते गेलेलं नाही. गोजरा गेल्यापासून तिच्याबद्दल जे काही होतं ते सगळं मला माहीत असलेलंच होतं. तेच ते रोज थोडं थोडं काढून मी पुरवून पुरवून खात होतो. त्यात आता काही भर पडेल, असं कधी मनात आलं नव्हतं. आणि परवा, ती जाऊन दोन वर्षं झाल्यावर, मला तिची एक नवी बातमी कळली.

उन्हं उतरली आहेत. भोंगा लावायला आज मीच जातो.

गुडघा बरा झाला की ये. तोवर तुझी माया अशीच पत्रातून पाठवत जा, इथं तिला जागा भरपूर आहे.

तुझा,
मारोतभाऊ